वाऱ्याचा दिवस शाकारणीचा नव्हे: आयरिश म्हणी कशा वाचाव्यात

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आयर्लंडच्या म्हणी म्हणून मोबाईलवर, मगवर, शुभेच्छापत्रांवर जे फिरतं त्यातलं अस्सल किती? आणि घर, शेजार, लग्न, आजारपण, मरण अशा रोजच्या जगण्याबद्दल तिथली साधी माणसं खरोखर काय म्हणत आली आहेत? मी आयरिश भाषा शिकलो, तिच्यातल्या म्हणी मराठीत आणण्याचं काम बराच काळ करतो आहे आणि त्या शिकवतोही. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी एक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आयरिश म्हण ही कुणीतरी कुणाला तरी, काही काम चालू असताना, ऐकवलेली असते. त्यामुळे नवी म्हण समोर आली की मी विचारतो: ही बोलली गेली तेव्हा हातात काय होतं? आणि कोण कुणाला बोललं? एवढं कळलं नाही तर म्हण गोड वाटते, पण तिचा अर्धा अर्थ बाहेरच राहतो.

उदाहरण शाकारणीचंच घेऊ. ‘नी हे लॉ ना ग्वीहे लॉ ना स्कोलब’ अशी एक म्हण आहे. शब्द असे: वाऱ्याचा दिवस हा स्कोलबचा दिवस नव्हे. स्कोलब म्हणजे काय ते माहीत नसेल तर इथेच अडायला होतं. जुनी आयरिश घरं पेंढ्याने शाकारलेली असत, गहू, ओट किंवा राय यांच्या काडाने. तो पेंढा छपरावर बसवायला हेझेलचे किंवा विलोचे बारीक फोक कापायचे, टोकं तासायची, मधोमध पीळ देऊन वाकवायचे आणि पेंढ्यात खुपसायचे. हे फोक म्हणजे स्कोलब. एका छपराला ते ढिगाने लागतात. ते हिवाळ्यात, पानं झडल्यावर कापून ठेवायचे. अटलांटिकवरून वादळ सुटलं, पेंढा उडायला लागला आणि तेव्हा तुम्ही कोयता घेऊन हेझेलच्या झुडपाकडे निघालात, तर घर गेलंच. कोकणात ज्यांनी मे महिन्याच्या अखेरीस शाकारणीची घाई पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण ‘तहान लागल्यावर विहीर खोदणे’ म्हणतो. अर्थ जवळचा आहे, पण आयरिश म्हणीत छप्पर डोक्यावरून उडतानाचा आवाज आहे. आज त्या देशात पेंढ्याची घरं मोजकीच उरली, तरी परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या मुलाला आजी हीच म्हण ऐकवते.

आता शेजार. माझ्या मते आयरिश म्हणींचा गाभा इथे आहे. ‘अर स्कॉ अ खेले अ वॉरन ना दीने’: एकमेकांच्या आडोशाने माणसं जगतात. पश्चिम आयर्लंडमध्ये, गॉलवे, मेयो, डोनेगलच्या किनाऱ्यावर झाडं कमी, दगड फार आणि वारा अखंड. शेताभोवती दगडांच्या सुक्या भिंती रचलेल्या असतात. त्यांच्या आडोशाला मेंढरं बसतात, माणसंही बसतात. त्या मुलखात आडोसा ही जगण्याची पहिली गरज आहे, आणि म्हण सांगते की माणसाला तो दुसऱ्या माणसाचा मिळतो. मंत्री भाषणात ही म्हण वापरतात, शाळांच्या भिंतींवर ती दिसते, आणि इतक्या वापरानंतरही ती झिजलेली नाही. याचं कारण तिच्यामागे एक खरी व्यवस्था होती. तिला ते ‘मेहल’ म्हणतात. गवत कापायचं, पीट (दलदलीतलं जळण) कापायचं, मळणी करायची, तर आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. पैसे नाहीत, पण जेवण घालायचं आणि पुढच्या वेळी आपण जायचं. आपल्याकडचं इर्जिक ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे लगेच ओळखू येईल: दहा घरचे बैल एका शेतात आणि घरधन्याकडे सगळ्यांचं जेवण.

याच कुळातली मला सर्वात आवडणारी म्हण फक्त तीन शब्दांची आहे: ‘गिरीन बेर्त बोहर’. दोघं असली की रस्ता आखूड होतो. तिला आणखी काही जोडायची गरज नाही.

पण शेजाराबद्दल तिथे नुसतं गोड बोललं जात नाही. ‘भुंगेरा भुंगेऱ्याला ओळखतो’ ही म्हण एका लबाडाने दुसऱ्या लबाडाची पाठराखण केली की वापरतात. ‘ओकाला फोडणारी पाचर ओकाचीच असते’ ही तर थेट आपली ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’. जगाच्या दोन टोकांच्या दोन लाकूडतोड्यांनी एकच गोष्ट पाहिली, एवढाच त्याचा अर्थ. घरच्या भेद्याने केलेला घात आयर्लंडच्या इतिहासात फार वेळा आलेला आहे. बंडं फसली ती बहुतेकदा खबऱ्यांमुळे. त्यामुळे तिथे ही म्हण हसत बोलली जात नाही.

घराबद्दल सर्वांना ठाऊक असलेली म्हण: ‘आपल्या चुलीसारखी दुसरी चूल नाही.’ इंग्रजीतून ती ‘घरासारखं सुख नाही’ अशी फिरते आणि बेचव होते. मूळ म्हणीत चूल आहे, आणि चुलीत पीट जळतं आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठून दबलेला पालापाचोळा. उन्हाळ्यात तो विटांसारखा कापून, उभा करून वाळवतात आणि वर्षभर जाळतात. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे, झाकताना प्रार्थना म्हणायची आणि सकाळी तेच निखारे फुंकून पेटवायचे. अनेक घरांत हा विस्तव पिढ्यान् पिढ्या विझला नाही असं सांगत. घर बदललं तर जुन्या चुलीतले निखारे नव्या चुलीत नेत. एकोणिसाव्या शतकात भाडं थकलं म्हणून जमीनदाराची माणसं कुटुंबाला बाहेर काढायला येत, तेव्हा चुलीतला विस्तव विझवणं हा त्या कारवाईचा भाग असे. ‘आपली चूल’ म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यापुढे काय होतं ते यावरून समजा. या म्हणीचं एक विडंबनही शाळकरी मुलांनी अमर केलं आहे. आयरिशमध्ये चुलीला ‘तिन्चॉन’ म्हणतात, त्याच्या जागी ‘तोन तिन’ घालायचं, की म्हण होते: आपल्या दुखऱ्या ढुंगणासारखं दुसरं दुखरं ढुंगण नाही. आपलं ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ याहून फार लांब नाही. मोठी माणसंही ते मनापासून वापरतात, आणि मी त्याला अस्सल म्हणच मानतो.

लग्नाबद्दल. ‘एकटेपणापेक्षा भांडण बरं.’ इंटरनेटवर ही नवरा-बायकोच्या विनोदांत टाकतात. तिच्यामागची परिस्थिती विनोदाची नाही. 1845 ते 1852 या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. 1841 च्या जनगणनेत सुमारे 82 लाख असलेली लोकसंख्या 1851 मध्ये 65 लाखांवर आली. त्यानंतर शेतकऱ्यांनी जमिनीचे तुकडे करणं थांबवलं. जमीन एका मुलाला जायची, तीही बाप थकल्यावर. तोवर त्या मुलाचं लग्न लांबायचं, चाळिशीपर्यंतसुद्धा. बाकीची भावंडं अमेरिकेला जायची किंवा बिनलग्नाची राहायची. डोंगरकपारीच्या घरात एकटा राहणारा म्हातारा ब्रह्मचारी हा त्या देशातला फार ओळखीचा माणूस. अशा एखाद्याने शेजारच्या घरातली कडाक्याची भांडणं ऐकून ‘एकटेपणापेक्षा भांडण बरं’ म्हणावं, तेव्हा ती म्हण पुरी कळते. आणि जोडपं जुळलं नाही तरी सुटका नव्हती. घटस्फोटाची घटनात्मक बंदी उठली ती 1995 च्या सार्वमताने.

‘मुलगा लग्न होईपर्यंत मुलगा, मुलगी तुम्ही मरेपर्यंत मुलगी.’ ही म्हण इंग्रजीतही आहे, त्यामुळे तिच्यावर आयर्लंडचा एकट्याचा हक्क नाही. पण आयरिश घरात ती सुनेच्या कानावर पडेल अशी बोलली जाते, आणि हे ऐकून मराठी वाचकाला नवल वाटणार नाही. दुसरी एक मात्र खास तिथली: ‘निंदा हवी असेल तर लग्न कर, स्तुती हवी असेल तर मर.’ तिच्या उत्तरार्धाला मराठीत चोख उत्तर आहे, ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’. आयर्लंडमध्ये माणूस गेला की त्याला घरात ठेवून रात्रभर जागरण करत. शेजारीपाजारी येत, चहा, तंबाखू, गोष्टी, कधी खेळसुद्धा, आणि गेलेल्याबद्दल चांगलंच बोलायचं. त्या खोलीत कोपऱ्यात बसून एका म्हातारीने दुसरीच्या कानात सांगावी अशी ही म्हण आहे.

खाण्यापिण्याबद्दल आणि आजारपणाबद्दल दोनच सांगतो. ‘लोण्याने किंवा व्हिस्कीने जे बरं होत नाही त्याला औषध नाही.’ फिरत्या संदेशांत यातलं लोणी गळून जातं आणि व्हिस्की उरते, कारण आयरिश माणूस म्हणजे दारू हे चित्र आधीच ठरलेलं आहे. खरं तर लोणी हाच या म्हणीतला मोलाचा भाग. गरीब घरात गाय असली तरी लोणी घरात खायला उरत नसे. ते फर्किन नावाच्या लाकडी पिंपात भरून विकायचं आणि त्या पैशातून जमिनीचं भाडं भरायचं. कॉर्क शहराचा लोण्याचा बाजार एके काळी जगात नावाजलेला होता, तिथलं लोणी वेस्ट इंडीजपर्यंत जाई. ते पिकवणारं घर स्वतः बटाटे आणि ताकावर जगत होतं. दुष्काळाआधी कष्टकरी पुरुष दिवसाला पाच किलोच्या आसपास बटाटे खाई. त्यावरचं एक बोलगाणं आहे: सकाळी बटाटे, दुपारी बटाटे, आणि मध्यरात्री उठलो तरी बटाटेच. म्हणून लोणी हे औषध, सणावाराला किंवा दुखण्यात मिळणारं.

दुसरी म्हण ‘खिल्लारांपेक्षा आरोग्य बरं’. हिच्यात ‘स्लॉन्च्या’ म्हणजे आरोग्य आणि ‘टॉन्च्या’ म्हणजे गुरांचे कळप असं यमक आहे. नाण्यांच्या आधी त्या देशात श्रीमंती गुरांत मोजली जाई, जुन्या कायद्यांतले दंडसुद्धा दुभत्या गाईंच्या हिशेबात असत. ‘पैशापेक्षा आरोग्य मोठं’ असं भाषांतर केलं की यमकही जातं आणि गुरंही जातात.

चहाबद्दलची एक लहानशी म्हण मधेच सांगून टाकतो, कारण चहाबाज मराठी माणसाला ती पटेलच: ‘चहाने मेलो आणि चहावाचून मेलो.’

आता समुद्र आणि परदेश, आणि इथे थोडं थांबायला हवं. ‘समुद्राकडे आशा असते, थडग्याकडे नसते.’ होडी परतली नाही तर बायको किनाऱ्यावर उभी राहते. एक दिवस, दोन दिवस, कदाचित दुसऱ्या बेटाला लागली असेल. माणूस पुरला की तेही संपलं. पुढे हीच म्हण अमेरिकेला गेलेल्यांना लागू झाली. एकोणिसाव्या शतकात मुलगा किंवा मुलगी बोस्टनला निघाली की आदल्या रात्री घरात जागरण होई, मयताच्या वेळी होतं तसंच. नाचगाणं आणि पहाटे रडणं. त्याला ‘अमेरिकन वेक’ म्हणत, कारण बहुतेक आईबापांना ते मूल पुन्हा दिसणार नव्हतं. पण पत्र येऊ शकत होतं. तेवढी आशा समुद्राकडे होती.

त्याच रात्री जाणाऱ्याला ऐकवण्यासारखी आणखी एक म्हण होती: ‘परमुलखातल्या गाईंची शिंगं लांब असतात.’ म्हणजे तिकडचं सगळं भव्यच वाटणार, जरा जपून. आणि ‘लांबचे डोंगर हिरवे’ ही तर आपली ‘दुरून डोंगर साजरे’च. या जुळणीवर मी पुष्कळ विचार केला आहे. सह्याद्रीतला डोंगर दुरून साजरा दिसतो, कारण जवळ गेल्यावर काटे, कडे आणि चढण असते. मेयोतला डोंगर दुरून हिरवा दिसतो, पण जवळ गेल्यावर तो दलदल आणि खडक निघतो, आणि हिरवं म्हणजे चराऊ रान एवढ्याच आशेने माणूस गुरं घेऊन तिकडे गेलेला असतो. फसवणूक तीच, पण तिथे ती पोटाशी बांधलेली आहे. आज डब्लिनमध्ये नोकरीसाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्यातल्या एखाद्याला ही म्हण आयरिश सहकाऱ्याने ऐकवली आणि त्याने लगेच मराठीतली परत ऐकवली, तर दोघांनाही जवळचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. मी हे घडताना पाहिलं आहे.

किनाऱ्याचीच एक म्हण पक्ष्यावर बेतलेली आहे. ‘तुतवाराला दोन्ही किनारे सांभाळता येत नाहीत.’ तुतवार हा ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत चोच खुपसत पळणारा लहान पक्षी. ओहोटी थोडा वेळच असते. या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर उडत राहिला तर दोन्हीकडे भरतीचं पाणी येतं आणि तो उपाशी राहतो. आपल्या ‘दोन डगरींवर पाय’मध्ये पडण्याची भीती आहे, तुतवारात वेळ निघून जाण्याची. दोन नोकऱ्या, दोन पक्ष, दोन प्रेमं, सगळ्याला ही म्हण लागते.

हवामानाचं लोकज्ञान हा वेगळाच मोठा विषय आहे. त्यातली एकच गोष्ट घेतो. एप्रिलच्या पहिल्या तीन दिवसांना ‘करड्या पट्ट्यांच्या गाईचे दिवस’ म्हणतात. गोष्ट अशी की मार्च संपत आला तेव्हा एक म्हातारी गाय फुशारकी मारायला लागली: मार्चचा कडाका सरला, आता तो मला काय मारणार? मार्चला राग आला. त्याने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि त्या तीन दिवसांच्या गारठ्यात गाय मेली. मुलांना सांगायची ही गोष्ट आहे, पण तिच्या आत शेतकऱ्याचा हिशेब आहे. हिवाळ्यासाठी साठवलेलं गवत मार्चअखेर संपत येतं, गुरं हाडकलेली असतात आणि नवं गवत अजून आलेलं नसतं. ऊन पडलं म्हणून घाईने गुरं बाहेर काढली तर उशिरा येणारी थंडी त्यांना मारते. चाऱ्याची शेवटची पेंढी एप्रिलपर्यंत राखून ठेव, हे गोष्टीत घालून सांगितलं की कुणी विसरत नाही.

बोलण्याबद्दल आयरिश म्हणी भरपूर आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. ‘गप्प तोंड गोड.’ ‘माणसाचं तोंड पुष्कळदा त्याचं नाक मोडतं.’ आणि त्यांच्या समोर: ‘चांगल्या शब्दाने कधी दात मोडला नाही.’ यातली खरी कोणती, असं विद्यार्थी मला विचारतात. तिन्ही खऱ्या, कारण तिन्ही वेगवेगळ्या वेळी लागतात. पहिली लहान मुलाला, दुसरी बाजारच्या दिवशी पबमधून परतणाऱ्याला आणि तिसरी कौतुक करायला कंजूष असलेल्या बापाला. मुलांच्याच बाबतीत ‘तरुणाचं कौतुक करा, तो पुढे येईल’ ही म्हण आज आयरिश शाळांमध्ये जवळजवळ ब्रीदवाक्य झाली आहे.

त्रिकं मात्र सोडून चालणार नाही. तीन-तीन गोष्टी एकत्र बांधून सांगण्याची सवय आयरिश लोकांना फार जुनी. नवव्या शतकाच्या सुमाराचा अशा त्रिकांचा एक संग्रह जुन्या हस्तलिखितांत टिकला, आणि कुनो मायर या जर्मन अभ्यासकाने तो 1906 मध्ये भाषांतरासह छापला. त्यातलं एक त्रिक मी कितीही वेळा वाचलं तरी मला नवं वाटतं. जगाला सर्वात चांगला आधार देणाऱ्या तीन बारीक गोष्टी: गाईच्या आचळातून चरवीत पडणारी दुधाची बारीक धार, जमिनीतून वर आलेली धान्याची बारीक हिरवी पात आणि कुशल बाईच्या हातावरून जाणारा बारीक धागा. दूध, धान्य, वस्त्र. राजा नाही, तलवार नाही, देऊळही नाही. अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी जगाचा भार कशावर आहे ते इतकं नेमकं पाहिलं होतं, आणि त्यातल्या दोन गोष्टी तरी बायकांच्या हातातल्या होत्या, कारण धार काढणं हे तिथे बायकांचंच काम.

ही सवय पुढे लोकांच्या तोंडी हजार वर्षं चालली. ‘निवडायला सर्वात कठीण तीन गोष्टी: बायको, विळा आणि वस्तरा.’ इथला विळा म्हणजे उभ्याने गवत कापायचा लांब दांड्याचा, ज्याचं पातं माणसाच्या उंचीला आणि चालीला जुळावं लागतं. दुसऱ्याचा उसना आणून भागत नाही. आणि जरा धारदार: ‘तीन गोष्टींवर विश्वास ठेवू नकोस: घोड्याचा खूर, बैलाचं शिंग आणि इंग्रजाचं हसू.’ जिंकल्या गेलेल्या माणसांनी आपसांत कुजबुजलेली ही म्हण आहे. आपल्यालाही ती समजावून सांगावी लागत नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे, अस्सल कोणतं. फिरणाऱ्या मजकुराचे मी चार ढीग करतो.

पहिला ढीग आशीर्वाद आणि पेल्यावरच्या शुभेच्छा. ‘तुझ्या पाठीशी वारा असो’ छापाचं सगळं यात येतं. काही जुनं आहे, काही नवं, पण त्याला म्हण म्हणता येत नाही. दुसरा ढीग सगळ्या युरोपच्या सामाईक म्हणींचा. ‘भूक हाच उत्तम मसाला’ आणि ‘चांगली सुरुवात म्हणजे अर्धं काम’ या आयरिशमध्ये रोज बोलल्या जातात, पण त्यांचं मूळ ग्रीक-लॅटिनपर्यंत जातं. मठांमधून आणि शाळांमधून त्या आल्या आणि रुजल्या. त्या खोट्या ठरत नाहीत, पण ‘प्राचीन केल्टिक ज्ञान’ असं लेबल लावणं चूक. तिसरा ढीग भाषा-चळवळीचा. ‘भाषेविना देश म्हणजे आत्म्याविना देश’ किंवा ‘चतुर इंग्रजीपेक्षा मोडकी आयरिश बरी’ यांचा सूर 1893 मध्ये गेलिक लीग ही आयरिश भाषेसाठीची संघटना स्थापन झाल्यानंतरच्या काळाचा आहे. आयरिश भाषा मरू नये म्हणून झटणाऱ्यांची ती वाक्यं. मला ती आवडतात, शिकणाऱ्याला धीर देतात, पण चुलीपाशी बसलेल्या आजीला ती सुचण्याचं कारण नव्हतं. तिची शेजारीण मोडकी आयरिश बोलत नव्हती. चौथा ढीग निव्वळ बनावट: इंद्रधनुष्य, चार पानांचं क्लोव्हर, सोन्याचा हंडा, नशीब. त्यांना आयरिश मूळच नसतं, म्हणून पहिली चाचणी हीच की आयरिशमधलं वाक्य दाखवा. दुसरी चाचणी म्हणजे पाठभेद. अस्सल म्हण उत्तरेकडच्या डोनेगलमध्ये एका तऱ्हेने आणि दक्षिणेकडच्या केरीमध्ये दुसऱ्या तऱ्हेने सापडते. ओकाची पाचर काही ठिकाणी एल्मची होते. तोंडातोंडी फिरलेल्या वस्तूवर असे ओरखडे असतातच. जी म्हण सगळीकडे अक्षरशः एकाच रूपात, आणि तीही फक्त इंग्रजीत मिळते, तिच्याबद्दल मी सावध होतो.

पडताळून पाहायला साधनं उत्तम आहेत. म्हणींचे संग्रह प्रांतवार निघाले: अल्स्टरचा 1907 मध्ये, मन्स्टरचा 1926 मध्ये आणि कॉनॉक्टचा दोन खंडांत 1948 आणि 1952 मध्ये. पण माझा जीव आहे तो शाळकरी मुलांच्या वह्यांवर. आयरिश लोकसाहित्य आयोग 1935 मध्ये स्थापन झाला, शेमस ओ डूलार्गा त्याचे संचालक. आयोगाने 1937 ते 1939 या काळात प्राथमिक शाळांना कामाला लावलं. सुमारे पाच हजार शाळांतली पन्नास हजारांच्या आसपास मुलं घरी गेली, आजी-आजोबांना आणि शेजाऱ्यांना विचारलं, आणि म्हणी, औषधं, हवामानाच्या खुणा, भुतांच्या गोष्टी वहीत उतरवून आणल्या. एकूण मजकूर सात लाख चाळीस हजार पानांच्या घरात आहे. कुणाकडून ऐकलं, त्याचं वय काय, गाव कोणतं, तेही मुलांनी अनेकदा लिहून ठेवलं. कोण कुणाला बोललं या माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे मुलाच्या अक्षरात मिळतं. आयोगाचे पगारी संग्राहक सायकलवरून मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारं जड यंत्र घेऊन फिरत. लिहून झालं की पैसे वाचवायला नळकांडी घासून पुन्हा वापरत, म्हणून बहुतेकांचे आवाज गेले आणि शब्द राहिले. केरीच्या किनाऱ्याजवळच्या ब्लास्केट बेटावरच्या पेग सेयर्ससारख्या गोष्टी सांगणाऱ्या बाईकडून (1873 ते 1958) असं शेकड्यांनी साहित्य टिपलं गेलं. ते बेट 1953 मध्ये रिकामं झालं. हे सगळं वेळेवर झालं नसतं तर आज म्हणायला फारसं उरलं नसतं: 2022 च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे 71,968 भरले.

शाळेच्या वह्या ‘दूखस’ नावाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातला राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रह ते चालवण्यात सहभागी आहे. बऱ्याच वह्या इंग्रजीत आहेत, त्यामुळे आयरिश येत नसली तरी अडत नाही. सुरुवात करताना ‘म्हणी’ हा विषय निवडू नका, कारण तिथे नुसत्या याद्या मिळतात. एखादा परगणा निवडा, त्यातली एकच शाळा घ्या आणि ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. त्या गावात कोणतं पीक होतं, कोणत्या वाटेवर भूत दिसे, कुणाची गाय दलदलीत बुडाली, हे वाचता वाचता मधे म्हण येते, आणि तेव्हा ती कशासाठी बोलली गेली ते विचारावं लागत नाही. मेयो किंवा केरीपासून सुरुवात केलीत तर हाताला भरपूर लागेल.